मदत हवी आहे: जुन्या रिपोर्टमध्ये 'लिंफोमा', नव्यात 'डिसऑर्डर'. मग कॅन्सर धरायचा की नाही?

नमस्कार. त्वचारोग किंवा पॅथॉलॉजीतलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

काही वर्षांपूर्वी वहिनीच्या गालावर एकच लालसर, टणक गाठ आली होती. ती काढून तपासायला दिली, तेव्हा रिपोर्ट आला 'प्रायमरी क्युटेनियस सीडी४ पॉझिटिव्ह स्मॉल/मीडियम टी-सेल लिंफोमा', म्हणजे त्वचेतच सुरू झालेला, टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर. त्यानंतर गाठ पुन्हा आलेली नाही, तरी वहिनी आजही स्वतःला कॅन्सरची पेशंटच समजते. आता त्याच स्लाइड्स दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनी पाहिल्या आणि 'लिंफोमा'ऐवजी 'लिंफोप्रोलिफरेटिव्ह डिसऑर्डर' (या पेशी जास्त वाढण्याचा विकार) असं लिहिलं. घरात सगळे गोंधळलेत.

मी जमेल तेवढं वाचून काढलं. त्वचेच्या या आजारांचा इतिहास बराच जुना आहे. फ्रान्समध्ये त्वचारोगतज्ज्ञ अलिबेर यांनी १८०६ मध्ये मायकोसिस फंगॉइडिसचं (बहुधा चट्ट्यांनी सुरू होणारा त्वचेचा टी-पेशी लिंफोमा) वर्णन केलं. अंगभर लाली आणि रक्तात विचित्र पेशी, असं चित्र सेझारी आणि बुव्रां यांनी १९३८ मध्ये मांडलं. हे आजार टी-पेशींच्या एकाच गटात आले ते थेट १९७० च्या दशकात. डब्ल्यूएचओ आणि ईओआरटीसी (युरोपातली कॅन्सर संशोधन संस्था) यांचं एकत्रित वर्गीकरण २००५ चं. त्यात वहिनीचा प्रकार लिंफोमा म्हणूनच होता, पण तात्पुरता. २०१६ च्या सुधारणेत मात्र त्याच्या नावातून 'लिंफोमा' काढला, कारण चेहऱ्यावर, मानेवर किंवा छाती-पाठीच्या वरच्या भागात अशी एकच गाठ असलेले पेशंट फारच चांगले राहतात.

इथपर्यंत समजलं. अडतंय ते क्लोनॅलिटीपाशी. टी-सेल रिसेप्टरच्या (टी-पेशीवरचा ओळख पटवणारा रेणू) तपासणीत वहिनीच्या पेशी क्लोनल, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या निघाल्या होत्या. मला वाटायचं, क्लोनल म्हणजे कॅन्सर. मग तरीही 'डिसऑर्डर' कसं म्हणतात? आणि मायकोसिस फंगॉइडिसचीच गाठ नाही हे ठरवताना अंगावर आधी चट्टे होते का, हे कितपत महत्त्वाचं? तिला असे चट्टे कधीच नव्हते.

शिवाय पॅराफिन ब्लॉक, म्हणजे गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, जपून ठेवलाय. त्यावर पीडी-१ वगैरे मार्कर (पेशींचा प्रकार ओळखायला मदत करणारी प्रथिनं) आता करून घेण्यात अर्थ आहे का? आणि पूर्ण अंगाचा पेट स्कॅन खरंच लागतो, की त्वचेची नियमित तपासणी पुरे? उपचार डॉक्टरांना विचारूनच करणार आहोत, पण पुढच्या भेटीत नेमकं काय विचारायचं ते कळायला हवंय.

दोन्ही रिपोर्टमधला मजकूर नाव झाकून इथे टाकू शकते.