गुलूतलं मिशनरी जोडपं : सेवा की घुसखोरी?

मधली_सुट्टी

उत्तर युगांडात गुलूजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या मिशनरी जोडप्यावर काल इथे लेख आला. लेखकाचा निष्कर्ष असा की युद्धाने मोडलेल्या माणसांची श्रद्धा फुकटात मिळते आणि ती गोळा करायला हे दोघे तिथे गेलेत. प्रतिसाद लिहायला घेतला, तो आवरेना. म्हणून वेगळा धागा.

मी २००८ ते २०११ गुलूत होते, बोअरवेलच्या कामावर. ते जोडपं आमच्या कामाच्या वाटेवरच राहायचं.

पहिला प्रश्न, कुणाची श्रद्धा गोळा करणार? कॅथलिकांचं कोंबोनी मिशन गुलूत १९११ साली आलं. इदी अमीनच्या राजवटीत १९७७ साली मारले गेलेले आर्चबिशप जनानी लुवुम अचोलीच होते, म्हणजे याच भागातल्या समाजाचे. तिथे बाप्तिस्म्यासाठी परदेशातून माणूस आणावा लागत नाही. शिक्षक मात्र हवे होते. वीस वर्षं सरकार आणि जोसेफ कोनीचे बंडखोर यांची लढाई चालली, शेवटी शेवटी १८ लाख माणसं छावण्यांत होती. कोनीची माणसं पळवून नेतील म्हणून पोरं संध्याकाळ झाली की गावाकडून शहराकडे चालत सुटायची, ४० हजारांपर्यंत, आणि दुकानांच्या ओट्यांवर झोपायची. २००६ ला शस्त्रसंधी झाली. छावण्या उठल्या तशी पंधरा-सोळा वर्षांची मुलं दुसरी-तिसरीच्या बाकांवर येऊन बसली.

२००७ पासून पहिली ते तिसरी मातृभाषेत शिकवायचं असं सरकारने ठरवलं. पुस्तकं आलीच नव्हती. ती बाई खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर कोळशाने अक्षरं काढायची. अचोलीत शब्द 'ङ' ने सुरू होतात. 'काय' म्हणजे 'ङो'. आपल्याकडे हे अक्षर पाठ होतं आणि वाङ्मयात एकदा भेटतं. तिला ते येईना, 'न्गो' म्हणायची आणि पाचवीला शोभतील अशी दांडगी पोरं पहिलीच्या वर्गात खो खो हसायची. पावसाळा संपेपर्यंत तिने तो उच्चार घोटला. जीपमधून येऊन वही-पेन्सिली वाटून जाणारे मी ढिगाने पाहिले. ही दोघं अकरा वर्षं तिथे आहेत. यांना घुसखोर म्हटलेलं मला सहन होत नाही.

सडेतोड

अचोली शंभर वर्षांपूर्वीपासून ख्रिस्ती आहेत, म्हणजे मिशनऱ्यांचं काम शंभर वर्षांपूर्वीच झालं. यात बचाव कुठे आहे?

आणि हे जोडपं जुन्या कॅथलिक किंवा अँग्लिकन चर्चचं नाही, 'बॉर्न अगेन' वाल्यांपैकी आहे, म्हणजे ख्रिस्तात नव्याने जन्मलो म्हणणाऱ्यांपैकी. त्यांच्या लेखी तिथला जुना ख्रिस्ती हा कच्चाच. शिवाय लेखातली मोठी गोष्ट तुम्ही गाळलीत. बंडखोरांकडून सुटून आलेल्या मुलाला यांनी घरी परतण्याच्या विधीत अंड्यावर पाय ठेवू दिला नाही, सैतानी प्रकार म्हणून. त्यावर बोला.

दुसरं, जिंजा, युगांडातलंच दुसरं शहर. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन बाईच्या कुपोषित मुलांच्या केंद्रात २०१० ते २०१५ या काळात १०५ मुलं दगावली. २०१९ मध्ये दावा लागला, २०२० मध्ये दोन मुलांच्या आयांशी तडजोड झाली, दोष मान्य न करता. ही पण 'सेवा'च होती.

पांढरी_टोपी

मी तीस वर्षं नर्स होते, म्हणून जिंजाबद्दल वाचलं की हात थरथरतात. पदवी नसलेल्या माणसाने पोराच्या शिरेत सुई घालू नये, मनात देव असो वा नसो. तिथे मी सडेतोड यांच्याच बाजूची.

पण गुलूचं नाव निघालं आणि लाचोर हॉस्पिटल नाही निघालं? पिएरो कोर्ती आणि ल्युसिल टीजडेल, तिथल्या मिशनच्या हॉस्पिटलात आयुष्य घालवलेलं डॉक्टर जोडपं. १९६१ ला गेले. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करताना ल्युसिलना एचआयव्हीची लागण झाली, १९८५ ला निदान झालं, तरी त्या काम करत राहिल्या. १९९६ ला वारल्या. हॉस्पिटल त्यांनी एका युगांडाच्या डॉक्टरच्या, मॅथ्यू लुकवियांच्या हाती दिलं. २००० साली इबोला आला तेव्हा साथ ओळखली ती लुकवियांनीच, आणि डिसेंबरात स्वतः त्याच रोगाने गेले. तिघांच्या कबरी हॉस्पिटलच्या आवारात आहेत. यातल्या कुणाला घुसखोर म्हणणार?

सडेतोड

ताई, कोर्ती डॉक्टर होते, धाग्यातलं जोडपं नाही. मोठ्या माणसांच्या सावलीत उभं राहून कुणी मोठं होत नाही. अंड्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

ओसरी

ज्यांनी तो विधी पाहिला नाही त्यांच्यासाठी, कारण इथे 'अंडं' म्हणून हेटाळणी सुरू होईल. न्योनो तोंग ग्वेनो. बाहेर राहून आलेला माणूस घरच्या अंगणात शिरताना कच्चं अंडं पायाने फोडतो. सोबत ओपोबोची फांदी असते, बुळबुळीत, साबणासारखी वापरतात. आणि लायिबी, कणगी उघडायची काठी. अंड्याला तोंड नाही, ते कुणाबद्दल वाईट बोलत नाही. फांदी धुऊन काढते. काठी सांगते की पूर्वी जिथे जेवत होतास तिथेच जेव. ज्या पोराच्या हातून माणसं मारवून घेतली त्याला याहून नेमकं काय सांगणार? यात सैतान दिसतो त्याने गुलूत शिकवू नये, ङ कितीही घोटलेला असो.

मधली_सुट्टी

ओसरी, हे तुम्ही कुठे बसून लिहिताय? मी तो विधी दोनदा समोर पाहिलाय. एकदा परतलेली मुलगी अंड्याजवळ आली आणि तिथेच मटकन बसली. पाऊल पुढे पडेना. मावशीने तिचा घोटा धरून पाय उचलला. ते बघून मला पुढे कित्येक रात्री झोप नव्हती. अंगणातलं सगळंच मंगल असतं असं समजू नका.

ओसरी

कंपालात बसून लिहितोय, सात वर्षं झाली. माझी बायको अचोली आहे. तिचा भाऊ १९९८ मध्ये नेला, परत आला नाही. त्याच्यासाठी सासूने अंडं जपून ठेवायचं, नासलं की दुसरं. पुढच्या वेळी 'कुठे बसून' विचारण्याआधी थांबा.

मधली_सुट्टी

थांबायला हवं होतं. तेवढा शब्द मागे घेते.

पांढरी_टोपी

आता जरा दमाने. धर्मगुरू सगळे एका माळेचे मणी नव्हेत. २००३ च्या जूनमध्ये आर्चबिशप ओडामा, अँग्लिकन बिशप आणि मुस्लिम धर्मगुरू चार रात्री त्या पोरांबरोबर गुलूच्या रस्त्यावर झोपले होते. अंड्याच्या विधीलाही त्यांनी नावं ठेवली नाहीत.

सडेतोड

मग या जोडप्याला काय अडचण होती? मी २०१२ ला तिथे हिशेबनीस होतो. स्थानिक मास्तरचा पगार तीन-तीन महिने अडकलेला, तो सायकलने यायचा. बाहेरून आलेल्याला 'मुनु' म्हणून पहिली खुर्ची. अशा माणसाने नुसती मान हलवली तरी गावात तो हुकूम ठरतो. माझा राग त्यावर आहे.

मधली_सुट्टी

काल रात्री त्या बाईंना फोन केला. जे कळलं ते लिहिते, कुणाच्या बाजूचं असो. मुलाची आई बॉर्न अगेन, तिला विधी नको होता. मामाला हवा होता. दोघं भांडत शाळेत आली. बाईंनी आईची बाजू घेतली. 'सैतानी' हा शब्द आईचा, लेखकाने यांच्या तोंडी घातला. पण त्या स्वतःच म्हणाल्या की मी मध्ये पडायला नको होतं, माझं वजन पडलं आणि मामा गप्प झाला. सडेतोड म्हणतात ते तिथे खरं ठरलं. मला हे लिहायला जड जातंय.

२०१४ ला तो मुलगा स्वतः मामाकडे गेला आणि अंडं फोडून आत शिरला. या दोघांना त्यानेच बोलावलं होतं. ते गेले, अंगणाच्या कडेला उभे राहिले.

ओसरी

मुलाने बोलावलं असेल तर माझं वरचं वाक्य जास्त झालं. शिकवू देत.

सडेतोड

बोलावलं आणि गेले, ठीक. तेवढं मान्य करतो. पण मामाला गप्प बसवल्यापासून २०१४ पर्यंतची वर्षं त्या मुलाने कुठे काढली, ते पुढच्या फोनला विचारा.