प्रति: मॅडनमधला (अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम) ८० टक्केवाला क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू)

ऑल-मॅडनवरही, म्हणजे सर्वांत अवघड पातळीवरही, ८० टक्के पास पूर्ण होतात, म्हणून पास-झेलांचे स्लायडर (गेममधली सेटिंग) अजून खाली ओढा, असं तुमच्या पोस्टमध्ये म्हटलंय. ओढून पाहिलेत. मग मोकळा रिसीव्हरही (पास झेलणारा) हातातला चेंडू सोडतो आणि नुसती चिडचिड होते. खऱ्या मैदानावर क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने २०१३ मध्ये ५,४७७ यार्ड आणि ५५ टचडाउन केले, त्या विक्रमी मोसमातही त्याची पूर्ण पासांची टक्केवारी ६८.३ होती! दोष आपल्या अंगठ्यात आहे, म्हणून नियम स्वतःलाच घालायचे.

माझा मुख्य नियम: स्नॅपनंतर (चेंडू हाती आल्यावर) मागे जायचं ते सात-आठ यार्डच. वीस यार्ड उलटं पळत जाऊन तिथून लांब फेकायचं नाही. पॉकेट (भोवतीचं आपल्या खेळाडूंचं कडं) मोडेपर्यंत आर२ला (जोरात पळण्याचं बटण) बोट लावायचं नाही. रिसीव्हर बघायचे ते स्नॅपआधी ठरवलेल्या क्रमाने, तिसरा बहुतेक वेळा रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन धावणारा). तोही झाकलेला असेल तर पॉकेटबाहेर येऊन आर३ दाबायचं, चेंडू मैदानाबाहेर. बाहेर पडता आलं नाही तर मुकाट सॅक खायचा (चेंडूसकट पाडून घ्यायचं).

काल थर्ड अँड एटला (तिसरा प्रयत्न, आठ यार्ड बाकी) टाइट एंड (हाही पास झेलतो) एकटाच हात वर करून पळत होता, पण तो माझ्या क्रमात नव्हता. चेंडू बाहेर टाकला, पंट केला (लाथेने चेंडू समोरच्या संघाला दिला). जीव जळला हो.

हॉट रूट (स्नॅपआधी एखाद्या रिसीव्हरची धाव बदलणं) एका प्लेला एकच. जुन्या रोस्टरमधला (संघयादीतला) मॅनिंग असेल तर सूट, तो लाइनवर उभा राहून अख्खा प्ले बदलायचा. आणि धावण्यासाठी प्रसिद्ध क्वार्टरबॅक लमार जॅक्सनला आर२चा नियम लावू नका, मग त्याला घेतलाच कशाला?