'सरणं गच्छामि' म्हणजे शरण जाणं का? बौद्ध वंदना, गाथा आणि मंत्रांमधल्या शब्दांबद्दल

त्रिसरण (बुद्ध, धम्म आणि संघ ह्यांना 'सरणं गच्छामि' म्हणणं) आणि पंचशील (पाच शिलं) लहानपणापासून पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण परवा भाचीने विचारलं, मामा, बुद्धाला शरण जायचं म्हणजे आपण हरलो का? मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. मराठीत शरण म्हटलं की हत्यारं खाली टाकलेला माणूसच डोळ्यासमोर येतो, आरोपी पोलिसांना शरण आला असं आपण पेपरात रोज वाचतो. आणि पालीतला 'सरण' तसाच्या तसा उचलला तर मराठीत त्याचा अर्थ चितेची लाकडं, सरण रचलं म्हणतो ना आपण. मग 'त्रिसरण' मधला सरण नक्की कुठला? दुसरं म्हणजे पंचशीलात प्रत्येक ओळीत येणाऱ्या 'वेरमणी' चा अर्थ कुणी शब्द फोडून सांगेल का. आणि तिसरं, ह्या सगळ्याला 'बौद्ध मंत्र' म्हणणं बरोबर आहे का, कारण व्हिडिओवर सगळीकडे तेच लिहिलेलं असतं आणि खाली मन:शांती, आजार, पैसा असे फायदे दिलेले असतात. अर्थ न कळता नुसतं म्हटलं तर खरंच काही होतं का?

----

भाचीचा प्रश्न खूप चांगला आहे, तिला आधी शाबासकी द्या.

पालीतलं सरण म्हणजे आसरा, जिथे गेल्यावर भीती कमी होते अशी जागा. संस्कृत शरणचा जुना अर्थसुद्धा घर, निवारा असाच आहे, हार मानण्याचा अर्थ नंतर चिकटला. मराठीत त्याची खूण अजून शिल्लक आहे, 'शरणार्थी' शब्द बघा, तो हरलेला नसतो, आसरा शोधत आलेला असतो. चितेच्या सरणाचा आणि ह्याचा संबंध लावू नका, दोन्ही शब्द फक्त ऐकायला सारखे आहेत.

आता वाक्य बघा. 'बुद्धं सरणं गच्छामि' मध्ये बुद्धं आणि सरणं दोन्ही द्वितीयेत आहेत. म्हणजे 'बुद्धाच्या आसऱ्याला जातो' असं शब्दशः नाही, तसं असतं तर बुद्धस्स आलं असतं. 'बुद्धाकडे, आसरा म्हणून, जातो' असं आहे. आणि क्रियापद जाण्याचं आहे, पडण्याचं किंवा झुकण्याचं नाही, म्हणजे चालायचं आपल्यालाच आहे आणि कुठल्या दिशेने ते आपण तोंडाने सांगतोय. वर्तमानकाळ आहे हेही महत्त्वाचं वाटतं मला, एकदा गेलो होतो आणि काम झालं असं नाही, दर वेळी म्हणताना आत्ता जातो.

धम्मपदात, म्हणजे बुद्धांच्या वचनांच्या पद्यसंग्रहात, 188 पासून 192 पर्यंतच्या गाथा ह्याच विषयावर आहेत. 'बहुं वे सरणं यन्ति पब्बतानि वनानि च', घाबरलेली माणसं डोंगर, वनं, झाडं, देवस्थानं ह्यांचा आसरा घेतात, पण तो खात्रीचा आसरा नाही, त्याने दुःखातून सुटका होत नाही. मग खात्रीचा कुठला, तर बुद्ध, धम्म, संघ ह्यांच्याकडे जाऊन चार आर्यसत्यं (दुःख, त्याचं कारण, त्याचा शेवट आणि तिथे नेणारा मार्ग) नीट बघणं. म्हणजे आसऱ्याला गेल्यावर पहिलं काम काय, तर डोळे उघडून दुःख बघायचं. हरलेल्या माणसाला असं काम कुणी देत नाही.

आणि भाचीला महापरिनिब्बान सुत्तातलं (बुद्धांच्या शेवटच्या दिवसांबद्दलचं सुत्त) एक वाक्य नक्की सांगा, 'अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा'. इथे सरण शब्द तोच आहे, पण आसरा कोण, तर तुम्ही स्वतः. आता ह्यातला 'दीप' मजेशीर आहे, पालीत दिव्यालाही दीप आणि बेटालाही दीप, कारण संस्कृतमधला द्वीप तिथे दीप होतो. आपण 'स्वयंप्रकाशित व्हा' असा अर्थ ऐकलेला असतो, पण बरेच अभ्यासक बेट हाच अर्थ धरतात, पुरात चारी बाजूंनी पाणी आणि मधे उभं राहायला कोरडी जागा. मला स्वतःला बेट जास्त पटतं, कारण शेजारी सरण आहे आणि पुरात आसरा जमिनीचा असतो. दिवा वाईट आहे असं नाही म्हणत, पण बेट म्हटलं की वाक्य जास्त घट्ट बसतं.

----

वेरमणीबद्दल मी लिहिते. हा शब्द विरमण, विरती ह्या कुळातला, थांबणं, दूर राहणं. 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि' ह्यात पाण म्हणजे प्राण किंवा प्राणी, अतिपात म्हणजे पाडणं, मारणं. पाणातिपाता ही पंचमी आहे, जीव घेण्या'पासून'. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, आणि समादियामि म्हणजे मी घेतो, स्वतःवर घेतो.

आता मराठी भाषांतरं बघा, बहुतेक ठिकाणी 'मी जीवहिंसा करणार नाही अशी शपथ घेतो' टाईप असतं. शपथ मोडली की माणूस अपराधी. शिक्षापद मात्र शिकायची गोष्ट आहे, चुकलं की परत उद्या सकाळी समादियामि म्हणायचं आणि परत घ्यायचं. वरून कुणी आज्ञा सोडलेली नाही, घेणारा 'मी' आहे, क्रियापदाच्या शेवटी 'मि' बसलाय तो.

बाकीच्या शिलांमध्येही शब्द फार नेमके आहेत. दुसऱ्या शिलात चोरी हा शब्दच नाही, 'अदिन्नादाना' आहे, न दिलेलं घेणं, आणि ते चोरीपेक्षा खूप मोठं आहे, दुसऱ्याचं श्रेय घेणं, ऑफिसचा वेळ घेणं सगळं त्यात येतं. पाचव्यात सुरा, मेरय, मज्ज अशी मादक पेयांची यादी देऊन पुढे 'पमादट्ठाना' म्हटलंय, गाफील होण्याचं ठिकाण. म्हणजे अडचण बाटलीची जेवढी तेवढीच गाफीलपणाची. मराठीत प्रमाद म्हणजे चूक असा अर्थ झालाय, पालीत पमाद म्हणजे बेसावध राहणं, आणि बुद्धांच्या शेवटच्या उपदेशातला शब्द त्याच्या उलटा आहे, 'अप्पमादेन सम्पादेथ', सावध राहून काम पुरं करा.

----

मंत्र म्हणायचं की नाही ह्यावर माझं मत जरा ठाम आहे. पाली परंपरेत 'मन्त' शब्द येतो तेव्हा तो बहुतेक वेळा ब्राह्मणांच्या वेदमंत्रांसाठी येतो. आपण जे म्हणतो त्याला तिथे वेगवेगळी नावं आहेत. नमस्कार केला की वंदना, पद्य असलं की गाथा, उपदेश असला की सुत्त, आणि रक्षणासाठी म्हटलं की परित्त, ज्याला श्रीलंकेत पिरित म्हणतात. इतके चांगले शब्द असताना सगळ्यावर 'मंत्र' असं एकच लेबल कशाला लावायचं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात महास्थविर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी घेतलं ते त्रिसरण आणि पंचशील, त्याला मंत्रदीक्षा म्हणून बघा कसं वाटतं, कानाला खटकतं ना?

----

पाली परंपरेपुरतं मान्य, पण महायान आणि वज्रयान ह्या बौद्ध धर्माच्या दुसऱ्या परंपरांमध्ये मंत्र हाच खरा शब्द आहे, त्यांनी स्वतः वापरलाय, वज्रयानाचं एक नावच मंत्रयान आहे. तिथे मंत्र आणि धारणी दोन्ही येतात. धारणी 'धृ' पासून, धरून ठेवणं, म्हणजे लक्षात धरायचा मजकूर. त्यामुळे सगळ्या बौद्धांकडे मंत्र नाहीतच असं म्हणू नये, कुठल्या परंपरेचं बोलतोय ते आधी सांगावं.

'ओं मणि पद्मे हुं' चं उदाहरण घ्या. कारंडव्यूह सूत्रात करुणेचे बोधिसत्व अवलोकितेश्वर ह्यांची षडक्षरी विद्या, म्हणजे सहा अक्षरांचा मंत्र, म्हणून हा येतो, तिबेटी लोक 'ओम मणि पेमे हूंग' असं म्हणतात. सगळीकडे अर्थ सापडतो 'कमळातला मणी'. पण तसं म्हणायचं असतं तर 'मणिः पद्मे' हवं होतं, इथे मणिचा विसर्ग कुठाय? म्हणून काही संशोधक 'मणिपद्मे' हा एकच समास धरतात आणि ते संबोधन मानतात, हे मणिपद्मा, अशी हाक. दुसरे सप्तमी धरतात, मणिरूपी कमळात.  तिबेटी गुरू व्याकरणात फार अडकत नाहीत, मणी म्हणजे करुणा, कमळ म्हणजे प्रज्ञा, आणि सहा अक्षरं सहा लोकांतल्या, म्हणजे जन्माच्या सहा गतींतल्या, प्राण्यांसाठी असं शिकवतात.

तारा ह्या देवीचा मंत्र त्या मानाने मोकळा आहे, 'ओं तारे तुत्तारे तुरे स्वाहा'. तारे ही सरळ हाक, तारणारी, पैलतीरी नेणारी. तुरे मध्ये त्वरा आहे, लवकर ये. (स्वाहाचं मराठीत आपण काय केलंय बघा, सगळं स्वाहा केलं म्हणजे गिळून टाकलं.)

आणि माझा सगळ्यात आवडता, प्रज्ञापारमिता हृदय सूत्राच्या शेवटचा, 'गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा'. गेलेली, गेलेली, पार गेलेली, पुरती पार गेलेली, बोधी, स्वाहा. इथेही स्त्रीलिंगी संबोधन मानतात बरेच जण, प्रज्ञापारमितेला मारलेली हाक. चिनी भिक्खू ह्युएनत्संग सातव्या शतकात भारतात यायला निघाला तेव्हा वाळवंटात एकटा पडला असताना हे सूत्र म्हणत होता असं त्याच्या चरित्रात आहे. चिनीत सूत्राचं भाषांतर झालं पण ह्या ओळीचा आवाज तसाच ठेवला, आणि जपानमध्ये आज 'ग्याते ग्याते हाराग्याते' असं म्हणतात. आपला 'पार' तिथे 'हारा' होऊन बसलाय, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

----

जपानचा विषय निघालाय म्हणून, 'नाम म्योहो रेंगे क्यो' मधलं नाम म्हणजे आपलं नाव नाही बरं का, ते नमो आहे. म्योहो म्हणजे अद्भुत धर्म, रेंगे म्हणजे कमळ, क्यो म्हणजे सूत्र. म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमस्कार, एवढंच सरळ वाक्य. जपानी भिक्खू निचिरेन ह्यांनी 1253 पासून ह्याचा जप शिकवला. 'नमु अमिदा बुत्सु' पण तसंच, नमो अमिताभ बुद्धाला.

----

फायद्याचं कुणीच बोललं नाही. माझी आजी आजारी असताना घरी रोज रतन सुत्त (एक परित्त) म्हणायचो, ती बरी झाली असं मी म्हणणार नाही, ती गेली. पण त्या महिन्यात घरातला एकही माणूस तिच्यावर चिडला नाही, हे मी बघितलंय. ह्याला फायदा म्हणायचं की नाही?

----

म्हणायचं, नक्की म्हणायचं. आणि तुमचा प्रश्न खूप जुना आहे. मिलिंदपञ्ह ह्या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना हेच विचारतो, मृत्यूपासून कुणाची सुटका नाही म्हणता तर मग परित्त कशासाठी? नागसेन म्हणतात, ज्याचं आयुष्य शिल्लक आहे त्याला उपयोग, संपलंय त्याला नाही, वाळलेल्या झाडाला कितीही पाणी घातलं तरी पालवी फुटत नाही. पुढे तेच सांगतात की परित्त तीन कारणांनी चालत नाही, कर्म आडवं येणं, मनातले क्लेश आडवे येणं आणि श्रद्धा नसणं. म्हणजे गॅरंटी त्या काळीही कुणी दिलेली नव्हती, व्हिडिओवाल्यांनी हे वाचायला हवं.

अर्थ कळण्याबद्दल गिरिमानंद सुत्त बघा. भिक्खू गिरिमानंद फार आजारी असतात, बुद्ध आपले शिष्य आनंद ह्यांना दहा संज्ञा, म्हणजे मनात धरायच्या गोष्टी, सांगतात आणि जाऊन त्यांना ऐकवायला सांगतात, अनित्य, अनात्म अशा. त्या ऐकून गिरिमानंद उठतात. ऐकवलं काय, तर ध्यानाचा मजकूर, विचार करायचा मजकूर. समजलं नसतं तर त्यात होतं काय ऐकण्यासारखं? मेत्तेचे, म्हणजे मैत्रीभावनेचे, अकरा फायदे सांगितलेत त्यातही पहिले तीन किती साधे आहेत, सुखाने झोपतो, सुखाने जागा होतो, वाईट स्वप्न पडत नाही. आणि ते मेत्ता मुरवणाऱ्याला सांगितलेत, नुसत्या ओठांना नाही.

म्हणून माझा आग्रह अर्थाचाच आहे. मंगल सुत्तात बुद्धांच्या उत्तराची पहिलीच ओळ, 'असेवना च बालानं पण्डितानं च सेवना', ह्याचा 'लहान मुलांच्या नादी लागू नये' असा अर्थ मी स्वतः एका छापील पत्रकात वाचलाय. पालीत बाल म्हणजे मूर्ख, अजाण! मूर्खांची संगत नको, जाणत्यांची धरावी. 38 मंगलं आहेत त्यात, आईवडिलांची सेवा, बायकापोरांना सांभाळणं, निर्दोष काम, आणि शेवटी लोकधर्माच्या (लाभ-हानी, निंदा-स्तुती असे चढउतार) धक्क्याने न हलणारं मन. लहान मुलं टाळा म्हणणारं सुत्त पुढे 'पुत्तदारस्स सङ्गहो' कसं म्हणेल? नुसतं पाठ म्हणणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही.

----

सगळ्यांचे खूप आभार, भाचीला बेटाचं सांगितलं, तिला दिव्यापेक्षा बेटच आवडलं. आता तिचा पुढचा प्रश्न, तीनदा का म्हणायचं आणि 'दुतियम्पि' म्हणजे काय.

----

दुतियं म्हणजे दुसऱ्यांदा, 'पि' म्हणजे सुद्धा, संस्कृत अपि. दुसऱ्यांदासुद्धा बुद्धाकडे आसऱ्याला जातो, ततियम्पि तिसऱ्यांदासुद्धा. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, संघापुढे महत्त्वाचा ठराव मांडतानाही तीनदा विचारतात आणि कुणी काही बोललं नाही की मान्य धरतात, सुत्तांमध्ये लोक बुद्धांना विनंती करतात तीही कित्येकदा तिसऱ्या वेळी मान्य होते. पहिल्यांदा तोंडातून निघून जातं, तिसऱ्यांदा म्हणताना आपण काय बोलतोय ते ऐकू येतं, निदान मला तरी तसंच होतं. आणि उच्चार करताना 'म्पि' तोडू नका, दुतियम् पि असं थांबून म्हणतात पुष्कळ जण, ते एका दमात दुतियम्पि असं म्हणायला शिकवा तिला.