मदत हवी आहे: सप्ताहाच्या साउंडसाठी महागडी वायर घ्यावी का?

राम कृष्ण हरी मंडळी,

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, जिल्हा परभणी. श्रावणात अखंड हरिनाम सप्ताह असतो. यंदा वर्गणीतून सभामंडपाचा साउंड नीट करायचं ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि 8 ओहमचे दोन स्पीकर आहेत, ते बदलायचे नाहीत. नांदेडच्या एका दुकानदाराचं म्हणणं असं की सगळी वायर 'ऑक्सिजन फ्री' (म्हणजे ऑक्सिजन काढून जास्त शुद्ध केलेल्या) तांब्याची टाका, पखवाज आणि टाळ वेगवेगळे ऐकू येतील. कोटेशन 31 हजारांचं. समितीतले निम्मे लोक तयार आहेत. माझं मन होत नाही. सोयाबीन विकून लोकांनी दिलेला पैसा आहे हा.

मी केलेला हिशेब तपासून द्या. ॲम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकर 25 मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन 50 मीटर तांबं. सध्या 0.75 एमएमची (म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ 0.75 चौरस मिलिमीटर) वायर आहे. तिचा रोध मीटरला साधारण 0.026 ओहम, एकूण 1.3 ओहम. म्हणजे निघालेल्या शक्तीतला जवळपास सातवा हिस्सा वायरच खाते. साधी अडीच एमएमची टाकली तर रोध 0.4 ओहमवर येतो आणि नुकसान 5 टक्क्यांच्या आत राहतं. शिवाय स्पीकरचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात, त्यामुळे वायरचा रोध जास्त असला की आवाजाचा पोतही थोडा बदलतो. इथपर्यंत वायरीचा फरक मला मान्य आहे.

पण हा फरक जाडीचा आणि लांबीचा. ऑक्सिजन फ्री आणि साध्या चांगल्या तांब्याच्या वहनात एक टक्क्याचाही फरक नसतो. चांदीसुद्धा तांब्यापेक्षा 6 टक्क्यांच्या आसपासच सरस. मग मंडपात बसलेल्या माणसाला ते कसं ऐकू येईल? मला खरी भीती आहे ती वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेल्या वायरीची, कारण ॲल्युमिनियमचं वहन तांब्याच्या 60 टक्क्यांच्या आसपास. ब्लेडनं तार खरवडली आणि आत पांढरं दिसलं की परत करायची, एवढं मला माहीत आहे. आणखी काय पाहावं?

दुसरी अडचण मोठी आहे. हरिपाठ चालू असताना स्पीकरमधून सारखी घूंऽऽ येते, पेटीचा पिकअप (पेटीला लावलेला छोटा माइक) मिक्सरला जोडला की वाढते. मिक्सर मंडपातल्या बोर्डावर आणि ॲम्प्लिफायर गाभाऱ्याशेजारच्या बोर्डावर, मधली वायर दोन पदरी साधी. मला वाटतं ही 50 हर्ट्झची घरघर दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे आहे. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावरून चालवली आणि मध्ये तीन पिनांची बॅलन्स्ड केबल (सिग्नलच्या दोन तारा आणि वर जाळी, त्यामुळे बाहेरची घरघर कमी होते) टाकली तर जाईल का? की आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधला थेट तारेचा संबंध तोडून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे देणारा) लागेलच? एकानं सल्ला दिला की प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. ते मी अजिबात करणार नाही. श्रावणात ओल असते आणि विणेकरी माइक हातात धरून उभे असतात.

तिसरं, समितीला पटवायचं कसं? माझ्या मनात असं आहे: दोन्ही वायरी पडद्याआड, आवाजाची पातळी मीटरनं सारखी केलेली (जरा मोठा आवाजही माणसाला चांगला वाटतो), नाणं उडवून एक निवडायची आणि आमच्या पखवाजवादकानं ओळखायची. 16 पैकी 12 वेळा बरोबर आलं तर मानायचं, कारण नुसत्या अंदाजानं तेवढं जमण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी. पण दुकानदाराची वायर जाडही आहे, तेव्हा दोन्ही अडीच एमएमच्याच घ्यायला हव्यात ना? आणि वायर बदलणाऱ्यालाही कोणती लावली ते कळू नये, अशी सोय खेड्यात कशी करता येईल?

ॲम्प्लिफायरच्या मागे '100 व्होल्ट' असंही टर्मिनल आहे. अंगणातला भोंगा लांब आहे, त्यासाठी भोंग्याजवळ लाइन ट्रान्सफॉर्मर (100 व्होल्टचा सिग्नल भोंग्याला चालेल असा करणारा) लावून ते वापरावं का? त्यात बारीक वायरही चालते असं वाचलंय.

परभणी-नांदेडकडे मंदिरांचं काम केलेल्या जाणकारांनी जरूर लिहा. पुढच्या एकादशीला समितीची बैठक आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर कोटेशन थांबवता येईल.