जिभेची तार आणि कानाची तपासणी
अडीच वर्षांचा मुलगा अजून बोलत नाही, या प्रश्नावर वर दोघांनी सुचवलंय की जिभेखालची तार कापून घ्या, बोलायला लागेल. कृपा करून नुसत्या तेवढ्यावर जाऊ नका. तार आखूड असेल तर ट, ल, र असे जिभेचं टोक वर न्यावे लागणारे उच्चार अडखळू शकतात. पण प, ब, म ओठांनी होतात, त्यांना जीभ उचलावीच लागत नाही. म्हणजे आई, बाबा, मामा हेसुद्धा येत नसेल तर कारण तार नाही, दुसरीकडे शोधायला हवं.

पहिलं ठिकाण म्हणजे कान. 'भांडं पडलं की दचकतो, ऐकू नीट येतं' हे आमच्या घरीही सगळे म्हणायचे. भाची मिक्सरच्या आवाजाने रडायची, पण पाठीमागून हळू आवाजात 'खाऊ हवा?' विचारलं तर ढिम्म. समोरून विचारलं की चेहरा बघून अंदाज बांधायची. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. मोठे आवाज ऐकू यायचे, पण बोलणं पुसट, आणि पुसट ऐकून स्पष्ट शब्द शिकणार कसे?

कानाच्या बेरा चाचणीत आवाज ऐकवून कानाच्या नसेचा आणि मेंदूचा प्रतिसाद यंत्राने मोजतात. मूल झोपलेलं असलं तरी चालतं, त्याने उत्तर द्यावं लागत नाही, त्यामुळे 'लहान आहे, थांबू या' म्हणायचं कारणच उरत नाही. मुंबईकरांसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था ऐकण्या-बोलण्याच्या याच कामाची आहे. बाकी जिल्ह्यांत सरकारी रुग्णालयात 'शीघ्र हस्तक्षेप केंद्र', म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं केंद्र, कुठे आहे ते विचारा. आणि चाचणी होईपर्यंतही मुलाशी समोर बसून भरपूर बोला.