लट्रेल साल्टर: स्तोत्रांच्या पुस्तकात नांगर?

माळरान: ब्रिटिश लायब्ररीतल्या या हस्तलिखिताची पानं बघतोय. वर लॅटिन स्तोत्रं, खाली चार बैलांचा नांगर! पुढे पेरणी, पेरणाऱ्याच्या पाठीमागे एक कावळा खुशाल पोत्यातलं बी खातोय, दुसऱ्यामागे कुत्रा लागलाय. देवाच्या पुस्तकात हे कशाला?

शाईदौत: ते करवून घेतलं इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या सर जेफ्री लट्रेलने, साधारण १३२०-४० मध्ये. जमीनदार माणूस. एका पानावर स्वतःच घोड्यावर बसलाय. बायको शिरस्त्राण देतेय, सून ढाल धरून उभी. शेतीही त्याच्याच थाटाचा भाग. नांगऱ्यांचे कपडे बघा, चिखलाचा एक डाग नाही! मला तरी ही मालकाची नजर वाटते.

माळरान: पटलं. कावळा मात्र अस्सल काढलाय हो. आणि सोनं इतकं उठून कसं दिसतं?

वर्खवाली: मी सुलेखनात हे काम करते. कातड्याच्या पानावर आधी गेसोचा, म्हणजे प्लास्टर-सरसाच्या लेपाचा, उंचवटा, त्यावर सोन्याचा वर्ख, मग घोटणी. जुने कारागीर कुत्र्याचा दातही वापरत. रंग शेवटी, नाहीतर घोटताना खराब होतात. गेसोवर हलकी फुंकर मारायची. दमटपणा आला की वर्ख धरतो. पंखा आधी बंद करा!