अनुभव धागा : आमसुलाचे सार आणि मऊ भात

कोकणातून मावसबहिणीने पाठवलेली नवी आमसुले काल बरणीत भरताना त्यांच्या आंबूस, खारट वासाने आजोळचे स्वयंपाकघर आठवले आणि हा धागा काढावासा वाटला. पावसाची झड लागून भाजी मिळेनाशी झाली, किंवा तापाने कोणाच्या तोंडाची चव गेली, की आमच्याकडे सार-भात ठरलेला असे. आजी आमसुले गरम पाण्यात भिजत घाली, पाण्याला जांभळट लाल रंग चढला की हाताने कोळून चोथा पिळून काढी, आणि त्यात गूळ, जिऱ्याची पूड व चिरडलेली हिरवी मिरची घालून वरून साजूक तुपात जिरे, हिंग आणि कढीपत्त्याची चरचरीत फोडणी देई. मीठ ती अगदी शेवटी, चव पाहूनच घाली. कारण रातांब्याची सालं उन्हात वाळवताना मीठ घातलेल्या त्याच्याच रसात पुन्हापुन्हा बुडवलेली असतात, आणि कोणत्या खेपेच्या आमसुलांत किती मीठ मुरले आहे, हे चाखल्याशिवाय कळत नाही. सार पातळच हवे, हे माझे ठाम मत आहे. तुमच्या घरच्या साराविषयी अवश्य लिहा.

परसदार : आम्ही सावंतवाडीकडचे, त्यामुळे आमच्या घरी नारळाचा रस घातल्याशिवाय जेवण पूर्ण होत नाही. आई साराला मंद आच देऊन वाफ दिसू लागताच पातेले उतरवीत असे, कारण आंबट रसात नारळाचे दूध खळखळून उकळले की फुटते आणि वर चोथा तरंगू लागतो. घरात नारळ नसेल त्या दिवशी गोव्याच्या आत्याची फुटी कढी होई, म्हणजे नुसते आमसुलाचे पाणी, मीठ, मिरची, कोथिंबीर आणि लसणाची फोडणी. खरे सांगायचे तर भाताबरोबर मला तीच अधिक आवडे.

ओसरी : भांड्याचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? आमच्या वाड्यात कल्हईवाला येऊन गेल्याशिवाय पितळी पातेल्यात सार करण्याची कोणाची छाती नव्हती. कल्हई उडालेल्या जागी आंबट रस टेकला की सार कळकते आणि ती कडवट, धातूची चव गुळाने झाकली जात नाही. नवसागराचा तो पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्याने भांड्यात फिरवलेले कथील अजून डोळ्यांपुढे आहे. आता स्टीलमुळे प्रश्न मिटला. कुकर लावून आले आहे, बाकीचे नंतर लिहीन.

दक्षिणवारा : ओसरीताई, कथिलाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. व्यंकोजीराजांनी १७व्या शतकात तंजावर घेतल्यानंतर तिकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. आमच्याकडे सारापेक्षा रसमच अधिक होते. त्यासाठी 'ईय चोंबु' हे अख्खे कथिलाचेच भांडे असते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे आत रस असल्याशिवाय ते विस्तवावर ठेवायचे नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. शेजारच्या एका नवविवाहितेचे भांडे रिकामेच तापले आणि चुलीत ओघळले, याची गोष्ट आजही लग्नघरात हसत सांगितली जाते. रसमलाही खळखळून उकळी द्यायची नसते, कडेने फेस वर येताच उतरवायचे असते, हे परसदार यांच्या आईच्या रीतीशी किती जुळते पाहा.

बांधावरून : आम्ही देशावरची माणसे, आमसूल आमच्याकडे पाहुण्यासारखे. आमचा हलका पातळ-भात म्हणजे होळीच्या दिवशीची कटाची आमटी. पुरणासाठी शिजवलेल्या हरभरा डाळीचे वरचे पाणी, ज्याला आमच्याकडे येळवणी म्हणतात, त्यात भाजलेले सुके खोबरे, काळा मसाला आणि चिंच-गूळ घालून ती करतात. दुसऱ्या दिवशी मुरलेली आमटी गरम भातावर ओरपताना ज्याच्या नाकाला पाणी आले नाही, त्याच्या घरी मसाला कमी पडला असे खुशाल समजावे.

परसदार : नाकाला पाणी आणणाऱ्या पदार्थाला हलका म्हणणारे तुम्ही पहिलेच!

दूरदेशी : मी न्यू जर्सीत राहते. आमसुले इथल्या भारतीय दुकानात मिळतात, अडते ते भातापाशी. लांब, सुट्या बासमतीवरून सार ओघळून ताटाच्या कडेला जाते. त्याला आंबेमोहोरासारखा आखूड दाण्याचा, थोडा चिकट भातच धरून ठेवतो. तो मिळत नाही तेव्हा मी साध्या आखूड तांदळात पाणी वाढवून भात मुद्दाम आसट शिजवते आणि डावाने किंचित घोटते. मुलगा मात्र सार पेल्यातून पितो आणि भात वेगळा खातो, यावर आमच्याकडे रोज वाद असतो.

ओसरी : दूरदेशी, पिऊ द्या त्याला. फोडणीतला कढीपत्ता तेवढा गाळून द्या, नाहीतर घशाशी अडकतो. आणि धागाकर्तीला विचारायचे राहिले : नवी आमसुले आणि जुनी काळीभोर आमसुले यांपैकी साराला कोणती घेता?

धागाकर्ती : साराला नवी, कारण रंग खुलतो. जुनी मी आमटीत आणि श्राद्धाच्या चटणीसाठी वापरते. मात्र ती अधिक वेळ भिजवावी लागतात.